२२ लेकरं आणि दोन खंजिऱ्या

जय गुरुदेव.

वर्धा नदीच्या अलीकडल्या काठाला आमचं गाव. गावातल्या आणि पोटापाण्यासाठी नागपूर-पुण्याकडे गेलेल्या सगळ्या मंडळींना खंजिऱ्यांसाठी मदत करण्याचं भजनी मंडळाचं हे आवाहन आहे.

आखाडातल्या वादळात मंदिरामागच्या खोलीचे टिन उडाले. मंडळाच्या नऊ खंजिऱ्यांपैकी सात त्या खोलीत होत्या. दोन रात्री त्या पाण्यातच राहिल्या, कोणाच्या ध्यानात आलं नाही. चारांची कातडी फुगली आणि सुकता सुकता फाटली. तिघींचं लाकूड झांजेच्या खाचेपासून चिरलं. उरलेल्या दोन आदल्या गुरुवारी बायकांनी घरी नेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

एरवी आम्ही गप्प राहिलो असतो. दोन खंजिऱ्यांवरही गुरुवारची प्रार्थना होते. पण यंदा उन्हाळ्यात लेकरांसाठी खंजिरीचा वर्ग सुरू केला. पाच-सहा जण येतील असा अंदाज होता. आले २२, त्यात १४ मुली. सध्या ही लेकरं जर्मनच्या ताटल्यांवर आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांवर हात बसवतात.

पुठ्ठ्यावर उजवा हात तयार होतो. भजनाचा आठ मात्रांचा ठेका, दादऱ्याच्या सहा मात्रा, बोटं कुठे पडायची, कुठे उचलायची, इतकं जमतं. डाव्या हाताचं काय करायचं? खंजिरी डाव्या हातात धरतात, आणि त्याच हाताची बोटं कातड्याच्या कडेला दाबून आवाज वर-खाली करतात. घुमारा तिथून येतो. वर्ग घ्यायला शेजारच्या गावाहून सत्तरी ओलांडलेले एक आबाजी येतात. ते पहिल्याच दिवशी लेकरांना म्हणाले, "उजवा हात त कोनाचाबी चालते बाप्पा, डावा बोलला पायजे." पुठ्ठ्यावर डावा हात बोलत नाही. प्रत्येक लेकराच्या हातात थोडा वेळ तरी खरी खंजिरी यायला हवी, यासाठीच ही सगळी धडपड.

ज्यांनी खंजिरी लांबूनच पाहिली, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ताटलीएवढं लाकडी कडं, एका बाजूला कातडं, दुसरी बाजू उघडी, कड्याच्या खाचांत पितळी झांजा. कातडं हवेप्रमाणे वागतं. थंडीच्या पहाटे ताठ होऊन टणटण करतं, मग आतून पाण्याचे दोन थेंब लावून बोटाने पसरावे लागतात. पावसाळ्यात ढिलं पडतं, तेव्हा विस्तवाजवळ धरून शेकावं लागतं. किती पाणी आणि किती शेक, हे कुठे लिहिलेलं नाही. आबाजी कातड्यावर एक टिचकी मारतात आणि सांगतात. परवा सातवीतल्या एका पोरीने त्यांच्या आधी सांगितलं, "अजून एक थेंब, आबाजी." तिचं बरोबर होतं.

आपल्या भागात हे वाद्य घराघरांत गेलं ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. १९०९ साली आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत त्यांचा जन्म झाला. खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२ च्या आंदोलनात चिमूर-आष्टीचा मुलूख पेटला, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही ते खंजिरी घेऊन गेले. मला या सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांनी निवडलेलं वाद्य. खंजिरी पिशवीत मावते, सायकलच्या हँडलला अडकवता येते. तिला लाईट लागत नाही, माईक लागत नाही. दिवसभर वावरात निंदण करून आलेली बाईसुद्धा हात धुऊन लगेच वाजवायला बसू शकते.

आणि माझं स्वतःचं म्हणाल, तर मी खंजिरी बापाकडून शिकलो. बाप कास्तकार, बोलायला कमी. एका वर्षी बोंडं फुटायच्या वेळेला पाऊस लागून राहिला आणि सारी कपाशी काळी पडली. त्या दिवशी बाप घरी आला, जेवला नाही, कोणाशी बोलला नाही. रात्री ओसरीत खंजिरी घेऊन बसला. शब्द एकही नव्हता, नुसता ठेका, आणि तोही सावकाश. माय म्हणाली, "जा, त्याइच्या जवळ बस." मी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी माझा डावा हात ओढून कातड्याखाली धरला आणि ठेका चालूच ठेवला. त्यांच्या उजव्या हाताची थाप माझ्या मनगटापर्यंत येत होती. आज मंडळाचा सचिव म्हणून हे लिहायला बसलो आहे, तरी मनगटाला ती थाप आठवते.

आता कातड्याविषयी. जुन्या खंजिऱ्यांना घोरपडीचं कातडं लावत. पातळ आणि चिवट असल्याने त्याचा आवाज फार गोड यायचा, हे खरं आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. तिला मारणं गुन्हा, कातड्याचा व्यवहारही गुन्हा. म्हणून हात जोडून सांगतो, घोरपडीचं कातडं कोणी देऊ करू नये, मंडळ ते घेणार नाही. आम्ही कोवळ्या बकरीचं पातळ कातडं लावतो. चांगल्या हाताने मढवलं तर तेही गोड बोलतं. काहींनी फायबरच्या खंजिऱ्या सुचवल्या. पावसाळ्यात त्या बऱ्या, पण डाव्या बोटांच्या दाबाला त्या हव्या तशा वाकत नाहीत. शिकणाऱ्या हाताला आधी कातडंच मिळावं, असं आबाजींचं मत आहे आणि मंडळालाही ते पटलं.

हिशेब असा. लाकूड शाबूत असलेल्या चार खंजिऱ्या नव्याने मढवायच्या, प्रत्येकी ३५० रुपये, म्हणजे १,४०० रुपये. आठ नव्या, प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे ९,६०० रुपये. पुन्हा असं नुकसान होऊ नये म्हणून झाकणाची लोखंडी पेटी, ३,००० रुपये. एकूण १४,००० रुपये. जवळच्या दोन धरून १४ खंजिऱ्या होतील. दोन लेकरांत एक याप्रमाणे ११ वर्गाला, आणि तीन महिला मंडळाला. आबाजी मानधन घेत नाहीत. त्यांना आणण्या-नेण्याचं पेट्रोल गावातले तरुण आळीपाळीने घालतात. खोलीचे टिन गावाने श्रमदानातून आधीच बसवले.

गावातल्यांनी का दिले नाहीत, असं कोणी विचारील. पोळा नुकताच झाला आहे. खत-फवारणीत हात रिकामे झालेत आणि सोयाबीन अजून उभं आहे. ज्यांना जमलं त्यांनी १० रुपयांपासून दिले, त्यांची नावं मंदिरातल्या फळ्यावर लिहिली आहेत. बाकीच्यांनी माल घरात आल्यावर देण्याचा शब्द दिला आहे. पण तोवर थांबता येत नाही. कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी, अश्विन वद्य पंचमीला, मोझरीला महाराजांची पुण्यतिथी असते. यंदा ही २२ लेकरं तिथे न्यायची आहेत. कातडं ताणून सावलीत सुकवायला उघडीप लागते, आणि मढवणारे कारागीर तालुक्याला एकटेच आहेत. घटस्थापनेच्या आत त्यांच्याकडे काम गेलं, तरच खंजिऱ्या वेळेत हातात येतील.

पैसे द्यायचे असतील तर गुरुवारी प्रार्थनेनंतर मंदिरात द्यावेत, पावती लगेच मिळेल. बाहेरगावच्यांनी गावातल्या आपल्या घरच्या माणसाकडे पाठवावेत. कोणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची खंजिरी पडली असेल, तर फाटकी असली तरी चालेल. फक्त तिचं कातडं घोरपडीचं आहे का, हे आधी आम्हाला विचारा. धूळ पुसायला ओलं फडकं लावू नका, झांजा घासू नका. आहे तशी जुन्या लुगड्यात गुंडाळून आणा. आबाजी गुरुवारी चार वाजल्यापासून बसलेले असतात, ते टिचकी मारून पाहतील.