माझा हात पेलणाऱ्या फिजिओ डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

तुमच्याकडे रोज इतके पेशंट येतात की मी लक्षात असेनच असं नाही. जिन्यावरून घसरून थेट उजव्या खांद्यावर आपटलेली बाई, एवढं सांगितलं तर कदाचित आठवेल.

तुमच्याकडे पोचेपर्यंत या खांद्यावर बऱ्याच जणांनी हात साफ करून घेतला होता. एका ठिकाणी एक्स-रे उजेडात धरला, "हाड शाबूत आहे, काही झालेलं नाही" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. काही झालेलं नसताना मला साधे केस विंचरता येत नव्हते, हे कोणाला सांगायचं? दुसऱ्याने पहिल्याच दिवशी गरम तेल लावून असा रगडला, की रात्री सूज दुप्पट. तिसऱ्याचा हुकूम, हात गळ्यात बांधा आणि महिनाभर हलवायचं नाव काढू नका. नेमकं कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा, एवढंही यातलं कोणी म्हणालं नाही.

तुम्ही आधी माझा डावा, धडधाकट खांदा तपासलात. मनात म्हटलं, झालं, इथेही तेच! चांगला खांदा कसा चालतो ते पाहिल्याशिवाय दुखऱ्याचं बिघडलंय काय ते ठरवायचं कसं, हे मागाहून कळलं. मग उजवीकडे आलात. दाबलं नाहीत, वाकवलं नाहीत. माझ्या कोपराखाली तळहात ठेवलात, हात किंचित वर उचललात आणि म्हणालात, "सगळं वजन माझ्यावर सोडा. हं, आता सांगा काय झालं."

दुखणं त्याच क्षणी अर्ध्यावर आलं. मी पडल्याची कहाणी नेहमीप्रमाणे लांबण लावून सांगितली, मध्येच रडलेही, पण तुमचा तळहात जागचा हलला नाही. तुमचाही हात भरून आला असणार. डॉक्टर, हे पत्र खरं तर त्या तळहातासाठी आहे.

हात तसाच धरून तुम्ही समजावलंत. हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड खांद्याच्या पात्याच्या टोकाला मिळतं तो सांधा अस्थिबंधांनी, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांनी बांधलेला असतो, आणि अख्ख्या हाताचा भार तिथे ओढ देतो. पडताना ते बंध ताणले गेले, काही धागे तुटले. एक्स-रेत हाडं दिसतात, बंध दिसत नाहीत. सगळे तुटले असते तर हासळीचं टोक वर आलेलं नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं. बंधांना रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश भरतात. हलकी मुरगळ एक-दोन आठवड्यांत निवळते, माझ्यासारखीला सहा आठवडे तरी धरून चालायचे. पहिले 48 तास फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी 15 ते 20 मिनिटं. शेक आणि रगडणं तेव्हा अजिबात नको. (तेलवाल्याला हे कळवायचं राहिलंय.) हात गळ्यात अडकवायची झोळी फक्त दुखणं उतरेपर्यंत, नाहीतर खांदा आखडतो. मग टेबलाला टेकून वाकायचं आणि सैल लोंबणारा हात हळूहळू गोल फिरवायचा. पुढचे व्यायाम तुम्हाला तोंडपाठ आहेत, ते इथे लिहीत नाही. झोपताना हाताखाली उशी घ्यायला मात्र तुम्हीच सांगितलंत. माझ्या रात्री कशा जातात हे त्याआधी कोणी विचारलंच नव्हतं.

आधीच्या मंडळींनाही यातलं बरंचसं ठाऊक असणार, शिकलेली माणसं होती. पण समोरचा "दुखतंय" म्हणतो तेव्हा त्याचं खरं मानायलासुद्धा त्यांना वेळ नव्हता. त्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. तुमच्यासारखी माणसं भेटली की वाटतं, साधा भलेपणा अजून आहे, फक्त तो फार आवाज करत नाही. मला तर तो, मी अगदी मोडायला आले तेव्हा भेटला.

आता केस माझे मी बांधते. उजव्या कुशीवर झोपलं की अजून टोचतं, आणि जड पिशवी डाव्याच हातात घेते. तुम्ही दिलेला रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधलाय. घरातले येता-जाता अडखळतात, कुरकुरतात, पण मी तो सोडू देत नाही. पुढच्या तपासणीला हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवीन म्हणते.

तुमची,
उजव्या खांद्याची पेशंट