पाच नामांकने आणि न खोडलेली रेषा

सातारा,
रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुमच्या स्टुडिओची शॉर्टफिल्म यंदा सलग तिसऱ्या वर्षी अंतिम यादीपर्यंत जाऊन परत आली, हे गुरुवारी फोनवर सांगताना तुझा आवाज अगदी खाली गेला होता. ‘नामांकनाचं काय करायचं, बाबा?’ असे तू विचारलेस, तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज सवडीने लिहितो.

मागच्या दिवाळीत तू मला कार्टून सलून या ॲनिमेशन स्टुडिओचे चित्रपट लावून दिलेस आणि मुंबईला परत गेलीस. त्यानंतर मी ते सगळे पुन्हा पाहिले आणि त्या स्टुडिओच्या पुरस्कारांचा हिशेबही वहीत मांडला. आयर्लंडमधल्या किल्केनी या लहान शहरात टॉम मूर, नोरा टूमी आणि पॉल यंग यांनी १९९९ साली हा स्टुडिओ काढला. त्यांचा पहिला मोठा चित्रपट, ‘द सीक्रेट ऑफ केल्स’, २०१० च्या ऑस्करच्या नामांकनांत आला आणि पुरस्कार ‘अप’ला गेला. २०१५ मध्ये ‘साँग ऑफ द सी’ होता, तेव्हा ‘बिग हीरो ६’ जिंकला. २०१८ मध्ये ‘द ब्रेडविनर’समोर ‘कोको’, २०१९ मध्ये ‘लेट आफ्टरनून’ या लघुपटासमोर ‘बाओ’ आणि २०२१ मध्ये ‘वुल्फवॉकर्स’समोर ‘सोल’. जिंकणारा स्टुडिओ पाचपैकी चार वेळा पिक्सार, एकदा डिस्ने. आणि पिक्सार २००६ पासून डिस्नेच्याच मालकीची असल्यामुळे पाचही वेळा ती ऑस्करची बाहुली एकाच घरी गेली. ‘अप’च्या सुरुवातीच्या त्या नि:शब्द संसारापुढे मीही हात जोडतो, पण ‘बिग हीरो ६’ हा ‘साँग ऑफ द सी’हून सरस होता, हे मला आजही पटत नाही.

हीच यादी पुरस्कारांचा रकाना झाकून वाचली, तेव्हा मला निराळेच काही दिसले. ‘केल्स’ला सहदिग्दर्शक असलेल्या नोरा टूमी यांनी ‘द ब्रेडविनर’ एकटीने दिग्दर्शित केला. ‘केल्स’चे कलादिग्दर्शक रॉस स्टुअर्ट ‘वुल्फवॉकर्स’मध्ये टॉम मूर यांच्या शेजारी दिग्दर्शक म्हणून उभे राहिले. ‘लेट आफ्टरनून’ ही विस्मरणात हरवत चाललेल्या एका वृद्धेची गोष्ट लुईस बॅग्नल यांनी केली, म्हणजे नामांकन संस्थापकांच्या पलीकडे पोचले. पहिले चारही मोठे चित्रपट नामांकनापर्यंत गेले. पुढचा ‘माय फादर्स ड्रॅगन’ गेला नाही, तेही मी वहीत लिहून ठेवले आहे. एवढ्या वर्षांत त्यांनी किल्केनी सोडले नाही आणि हाताने काढलेले चित्रही सोडले नाही.

शिवाय मत कोण देते, हेही पाहावे लागते. ऑस्करच्या अंतिम फेरीत अकादमीतले नट, संकलक, ध्वनिमुद्रक असे सर्व शाखांचे सभासद मत देऊ शकतात. ॲनी पुरस्कार मात्र आसिफा-हॉलिवूड ही ॲनिमेशनवाल्यांचीच संस्था १९७२ पासून देत आली आहे. तिथे ‘द ब्रेडविनर’ला २०१८ मध्ये स्वतंत्र निर्मितीच्या विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. २०२१ मध्ये ‘वुल्फवॉकर्स’ने तोच मान मिळवला आणि त्याखेरीज दिग्दर्शन, पात्ररचना, प्रॉडक्शन डिझाइन व आवाजातला अभिनय असे आणखी चार पुरस्कार घेतले. ‘सोल’ तिथेही मोठ्या चित्रपटांच्या विभागात जिंकला, परंतु दिग्दर्शनाचा पुरस्कार किल्केनीला गेला. स्वतः रोज टेबलावर वाकून काम करणाऱ्यांनी दिलेली ही दाद आहे, आणि माझ्या लेखी तिचे वजन फार आहे.

आता मला खरे जे सांगायचे आहे, ते ‘वुल्फवॉकर्स’च्या रेषेविषयी. गोष्ट १६५० सालच्या किल्केनीतली, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच गावाची. तटबंदीच्या आतले गाव त्यांनी लाकडी ठशांच्या छपाईसारखे काढले आहे: जाड, कोनदार, सपाट, कुठेही श्वास घ्यायला जागा नाही असे. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीत, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या लोककलेत, जशी चित्राची खोली न दाखवता सारे एका पातळीवर मांडतात, तसे ते गाव दिसते. जंगलात शिरताच रेषा सैल होते, रंग तिच्या बाहेर सांडतो आणि आकार बसवण्यासाठी ओढलेल्या पेन्सिलच्या कच्च्या रेषा तशाच राहतात. लांडग्याच्या नजरेतून दिसणारे प्रसंग तर कागदावर कोळशाने आणि पेन्सिलने एकेक करून काढलेले आहेत.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांसाठी मी तीस वर्षे मुले तयार केली आणि प्रत्येकाला त्या कच्च्या रेषा खोडरबराने स्वच्छ पुसायला लावल्या; तुलाही लावल्या. तू सातवीत असताना अशाच एका चित्रावरून रडली होतीस, आणि आईने ते चित्र माझ्या नकळत तसेच उचलून ठेवले होते. ‘वुल्फवॉकर्स’ पाहिल्यावर मी ते तिच्याकडून मागून घेतले. घोडा आहे, त्याच्या मानेवर तुझ्या पाच-सहा रेषा एकीवर एक आहेत, आणि मान वळते आहे हे त्यांच्यामुळेच कळते. तेव्हा मला ते दिसायला हवे होते.

तुमच्या फिल्ममधला तो पावसाचा प्रसंग तू रंगवलास, हे मला ठाऊक आहे. त्याची क्लीनअपच्या, म्हणजे कच्च्या रेषा स्वच्छ करण्याच्या, आधीची रफ चित्रे तुझ्याकडे असतील, तर पुढच्या वेळी येताना घेऊन ये. घोड्याचे चित्र मी समोरच्या खोलीत लावले आहे, त्याच्या शेजारी भिंतीवर जागा आहे.

तुझे,
बाबा