जा, पण तो एक पेपर

चिऊ,

परवा फोनवर मी बोलले ते तसं बोलायला नको होतं. ‘एक वर्ष फुकट घालवणार’ असं तोंडातून गेलं आणि तू एकदम गप्प झालीस, तेव्हाच कळलं चुकलं म्हणून. बाबा म्हणाले मेसेज टाक, पण मेसेजमध्ये मी अजूनच चिडल्यासारखी वाटते, म्हणून हे सविस्तर.

तू जा. हे आधीच लिहून टाकते. एक्सचेंजसाठी तुझी निवड झाली हे दादाला, काकूला, सगळ्यांना सांगून झालंय, काकूला तर दोनदा.

पण सहा महिने जायचं आणि डिग्री वर्षभर पुढे कशी जाते हे मला तेव्हा समजलंच नव्हतं. आता तू पाठवलेलं सगळं शांतपणे वाचलं. तो कंपल्सरी पेपर वर्षातून एकदाच असतो आणि तू नेमकी तेव्हा तिकडे, म्हणजे तिथून पूर्ण 30 क्रेडिट्स आणलेस तरी तो राहतोच. मग असं कर ना, दोन्हीकडचा सिलॅबस शेजारी ठेवून त्याच्या तोडीचा विषय तिकडे आहे का बघ आणि तो लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये म्हणजे तिकडचे कुठले विषय इकडे धरणार त्या करारात आधीच घालून घे, दोन्हीकडच्या सह्या झाल्याशिवाय निघू नकोस. सर तोंडी ‘होईल’ म्हणाले त्याच्यावर विसंबू नकोस. स्कॉलरशिप किती सेमिस्टरपर्यंत चालते, हॉस्टेल जादा वर्ष मिळतं का, हेही ईमेलवर विचार, म्हणजे उत्तर लेखी येईल. बघ, झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

खरं सांगू, वर्षाचं मला काही नाही गं. राहून जाईल याची भीती वाटते. आप्पांच्या आजारपणात मी शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा ‘पुढच्या वर्षी देते परीक्षा’ असंच म्हणाले होते. जर्नल अजून कपाटात आहे, नवव्या प्रयोगाची आकृती पेन्सिलने काढलेली, खाली रीडिंगचे रकाने आखलेले आणि रिकामे. पुढच्या वर्षी दादा झाला, मग सिलॅबसच बदलला, मग कुणी विचारलंही नाही आणि मीही विषय काढला नाही.

तुझं तसं होणार नाही, माहितीय मला. ते 500 तुकड्यांचं पझल तू तीन आठवडे जेवायच्या टेबलावर मांडून ठेवलं होतंस, आम्ही सगळे खाली बसून जेवत होतो, आप्पासुद्धा. शेवटी एक तुकडा सापडेना तर पुठ्ठ्याचा कापून, रंगवून बसवलास. तेव्हा तू आठ वर्षांची होतीस.

परत येशील तेव्हा तुझ्या बॅचचं कुणी नसेल, ज्युनिअर्सबरोबर बसावं लागेल, त्यांच्याबरोबरच प्लेसमेंटला जावं लागेल, त्याची मनाची तयारी आहे ना, एवढंच विचारायचं होतं. ते राहिलं बाजूला आणि भलतंच बोलले.

रविवारी फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल. आणि त्या पेपरचं काही कळलं का?

आई