मागच्या महिन्याचे पाय आधी बघणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
स. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण आम्हा डॉक्टर मंडळींना जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. या तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि परिचारिकांना जुनाट जखमा बघायला तुम्ही शिकवलंत. हे पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे, कारण तुम्ही शिकवण्याची जी रीत घालून दिलीत, ती इतर तालुक्यांतल्या लोकांनाही कळावी असं मनापासून वाटतं.

महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करताना आम्हाला ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. त्यासाठी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी जातो, तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकतो, ती चांगलीही असतात. पण स्लाइडवर जखम दिसते ती एका दिवसाची. ती भरतेय की चिघळतेय हे कळायला तोच पाय पुन्हा पुन्हा बघावा लागतो. तुम्ही महिन्याच्या महिन्याला यायचात आणि नवा पेशंट बघण्याआधी म्हणायचात, "मागच्या वेळचे पाय कुठे आहेत?" पारदर्शक प्लास्टिकवर जखमेची कड पेनने गिरवायची, तारीख टाकायची आणि ते केसपेपरला लावायचं, ही सवय तुम्ही आमच्या हाडीमाशी खिळवलीत. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत साधारण निम्म्यावर आली नाही, तर बारा आठवड्यांत ती भरण्याची शक्यता बरीच कमी असते. मग मलम बदलत बसायचं नाही, कारण शोधायचं. दोन प्लास्टिक एकमेकांवर ठेवली की आमच्यातली चर्चा तिथेच मिटायची.

ऊसतोडीहून चैत्रात परतलेले ते काका आठवतात का? अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला रुपयाएवढी जखम आणि भोवती जाड, पिवळट घट्टा. आम्ही सगळे जखमेवर वाकलो होतो. तुम्ही आधी त्यांची चप्पल हातात घेतलीत, आत बोट फिरवलंत आणि वर आलेला खिळा आम्हाला दाखवलात. मग १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, तळव्याला टेकवत गेलात, काका डोळे मिटून बसलेले, आणि कुठेच "हो" म्हणेनात. ब्लेडने घट्टा तासला तेव्हा खाली जखम वरून दिसत होती त्याहून बरीच मोठी निघाली. बोथट प्रोबने (धातूच्या बारीक सळईने) तळ चाचपून ती हाडाला टेकत नाही याची खात्री करून घेतलीत. "घरी बसा" असं काकांना सांगून उपयोग नाही, त्यांचं पोट हातावर आहे, हे तुम्ही आमच्याआधी ओळखलंत. म्हणून काढता येणारा बूट न देता पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालायचं ठरवलंत, म्हणजे चाललं तरी भार जखमेवर पडणार नाही. त्याआधी पायातला रक्तपुरवठा तपासून घ्यायला मात्र विसरला नाहीत.

ही नजर तुम्हाला कुष्ठरोगाच्या वॉर्डात मिळाली, असं तुम्ही सांगायचात. शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं आणि तळवे आपोआप झडत नाहीत, संवेदना गेलेल्या पायावर माणूस चालत राहतो म्हणून ते झिजतात. प्लास्टरने भार वाटून देण्याचा तोच उपाय पुढे मधुमेही पायांसाठी वापरात आला. आपल्याकडे कुष्ठरुग्णांना एम.सी.आर. (मऊ रबराच्या) चपला देणाऱ्या कार्यकर्त्यांना जे वर्षानुवर्षं ठाऊक होतं, ते मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत यायला फार वेळ लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्याकडे ते तुमच्यामुळे आलं.

पायाच्या शिरांत रक्त साचून होणाऱ्या जखमांचं तर वेगळंच. आतल्या घोट्याच्या वर, काळपट कातडीत, वर्षानुवर्षं वाहणारी जखम. तिथे खरं औषध दाबाच्या पट्टीत असतं, हे ऐकून सगळ्यांनाच माहीत होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. तुम्ही आम्हाला एकमेकांच्या पायाला पट्टी बांधायला लावलीत: घोटा काटकोनात, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा. मग त्याच पट्टीनिशी दिवसभर ओपीडी करायला सांगितलंत. दुपारपर्यंत कोणाची घसरली, कोणाच्या नडगीवर वळ उठला, आणि पेशंट घरी जाऊन पट्टी का सोडतात हे त्या एका दिवसात समजलं. पट्टीआधी डॉप्लरने, म्हणजे धमनीतला प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने, घोट्याचा रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. ०.८च्या खाली आलं तर घट्ट पट्टी नाही. मधुमेह्याचं १.३च्या वर आलं तर त्या आकड्यावर विश्वास नाही, कारण कडक झालेली धमनी नीट दाबलीच जात नाही. हे तुम्ही इतक्या वेळा वदवून घेतलंत की आमच्या नव्या सिस्टरसुद्धा झोपेत सांगतील.

"जखम उघडी ठेवा, वाळू द्या" हा सल्ला घराघरात आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकलेली, ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नवी कातडी धरते. सुकलेला गॉज ओढून काढताना ती कोवळी कातडी कशी सोलून येते, हे तुम्ही भिंग देऊन आम्हाला दाखवलंत. महागड्या ड्रेसिंगवाचून काय करायचं, असं कोणी विचारलं की तुम्ही मुंबईच्या डॉक्टरांची आठवण काढायचात. डॉ. केसवानी यांनी वाडिया रुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या, सायनला डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं. ते भाजलेल्या जखमांसाठी होतं, पायाच्या अल्सरवर कोणी घरी बांधू नये, हेही लगेच बजावायचात.

आणखी कितीतरी आहे. स्वॅब आधी जखम धुऊन मगच घ्यायचा. जुन्या भाजल्याच्या व्रणावरची जखम भरत नसेल तर कॅन्सरची शंका धरून बायॉप्सीला उशीर करायचा नाही. अँटिबायोटिक जखम दिसली म्हणून द्यायचं नाही, संसर्गाची लक्षणं असतील तरच. यातलं प्रत्येक आज आमच्या ड्रेसिंग रूममध्ये रोज होतं, तुम्ही नसतानाही.

या सगळ्यासाठी आम्ही तुमचे मनापासून आभारी आहोत. तुम्हाला ना पॉइंट मिळायचे, ना मानधन. एसटीने यायचात आणि डबा आमच्यासोबत खायचात.

एक विनंतीही आहे. उपकेंद्रांवरच्या नव्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आम्ही आता शिकवायला घेतो आहोत. बाकीचं आम्ही बघू, पण पट्टी बांधायला तुम्हीच शिकवावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तारीख तुमच्या सोयीने ठरवू, न्यायला गाडी पाठवते. मागच्या महिन्याचे पाय त्या दिवशी बोलावून ठेवलेले असतील.

तुमची,
ग्रामीण रुग्णालयातील एक वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा