शाळेचा निर्णय घेताना बाईंना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा जवळच्या मोठ्या शाळेला जोडाव्यात, ही चर्चा आपल्या सिंधुदुर्गात दर थोड्या दिवसांनी डोके वर काढते. पुढारी बोलतात, अधिकारी आकडे देतात. ज्या बाईंनी त्या वाडीतल्या दोन पिढ्यांना मुळाक्षरे गिरवायला लावली, त्यांना कोणी विचारत नाही.

या संदर्भात मला आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाच्या शिक्षणमंत्री झालेल्या शिक्षिका ग्रासा माशेल यांची आठवण होते. आपल्याकडे त्यांना नेल्सन मंडेलांच्या पत्नी म्हणूनच ओळखतात, याचे मला फार वाईट वाटते. शेजारच्या गोव्यातून १९ डिसेंबर १९६१ रोजी ज्या पोर्तुगीजांना जावे लागले, त्यांचेच राज्य ग्रासाबाईंच्या मोझांबिकवर १९७५ पर्यंत होते. त्यांचा जन्म १९४५चा, गाझा प्रांतातला. तिथले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कामाला जायचे आणि घर बायका सांभाळायच्या. चाकरमान्यांच्या कोकणाला हे वेगळे सांगायला नको. ग्रासाबाई मिशनच्या शाळेत शिकल्या, शिष्यवृत्तीवर लिस्बनला गेल्या आणि १९७३ मध्ये फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेत सामील झाल्या. संघटनेची माध्यमिक शाळा टांझानियात बागामोयोला होती. तिथे त्यांनी काम केले. लढा चालू असतानाच ही माणसे शाळा चालवत होती, हे मला फार मोठे वाटते.

२५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्या शिक्षणमंत्री झाल्या. वय तिशीच्या आत. दहातली नऊ माणसे निरक्षर, त्यात पोर्तुगीज शिक्षक देश सोडून निघालेले. १९७७ मध्ये तर वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण थांबवून त्यांनाच शिकवायला पाठवावे लागले. आपल्या वस्तीशाळांवर काम केलेल्यांना त्या पोरांची अवस्था कळेल. तरीही पहिल्या काही वर्षांत शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून मुलग्यांमध्ये ९० टक्क्यांच्या पुढे आणि मुलींमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत गेले, असे सांगितले जाते. पुढे यादवी युद्धात शाळा जाळल्या गेल्या, शिक्षक मारले गेले. फ्रेलिमोची एकपक्षीय राजवट मला मान्य नाही. पण १९८९ पर्यंत ते खाते सांभाळणाऱ्या बाई खडू हातात धरलेल्या होत्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

गोव्यातही मुक्तिलढ्यात तुरुंगात गेलेल्या मित्रा बीर यांनी पुढे मडगाव, वेरें, काकोडा इथे मुलींसाठी शाळा काढल्या. आज किती जणांना त्यांचे नाव माहीत आहे?

वर्गातल्या माणसाला काय दिसते, ते सांगते. कागदावर दोन शाळांमध्ये एक किलोमीटर अंतर असते. मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा असतो. जूनमध्ये त्याला पाणी आले की त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल बुडतो आणि पलीकडच्या वाडीतली पहिली-दुसरीची मुले घरीच राहतात. त्यातही मुली आधी. थोरल्या भावाबरोबर मुलग्याला पाठवतात, मुलीला ‘पाऊस कमी झाल्यावर जा’ म्हणतात. ऑगस्टमध्ये ती परत येते तेव्हा तिचे वाचन मागे पडलेले असते. हे हजेरीपत्रकावर दिसते, पण ते हजेरीपत्रक शाळा जोडण्याच्या बैठकीत कोणी उघडत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. नोकरीत असताना शिक्षिकेला निवडणूक लढवता येत नाही, ते योग्यच आहे. पण निवृत्तीनंतर? गावागावांत अशा अनुभवी बाई आहेत. पक्षांनी उमेदवारी देताना त्यांच्या दारात जावे आणि निवडून आल्यावर त्यांना शिक्षण समितीत घ्यावे. आरक्षित जागेवर कोणाच्या तरी पत्नीचा अर्ज भरून वेळ निभावून नेऊ नये.

दुसरे, विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकांना मतच नाही. घटनेच्या १७१व्या कलमानुसार माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवणाऱ्यांनाच तो अधिकार आहे. म्हणजे कोकण विभागात पालघरपासून दोडामार्गपर्यंत वाड्यावस्त्यांवर शिकवणाऱ्या हजारो बाई ‘शिक्षक’ म्हणून मतदारच नाहीत. हा बदल करणे संसदेच्या हातात आहे. कोकणच्या खासदारांनी हा विषय सभागृहात मांडावा आणि आपल्या दैनिकाने त्यांना त्याबद्दल जाहीरपणे विचारावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग