सातबारा ईमेल करताना

महोदय,
आंब्याच्या घाईत आमच्या देवगडात सातबारा, आधार, पासबुकाचा फोटो सायबर कॅफेतून बिनदिक्कत ईमेल होतो. लॉगआउट करायचंही कुणाला भान नसतं. पुतण्याने मुंबईहून वाटपाचे कागद मागितले, तेव्हा मी प्रोटॉन मेल घेतला. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू केलेली ही ईमेल सेवा. साधं खातं फुकट. दोघांचंही खातं तिथलंच असेल तर मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो, कंपनीलाही वाचता येत नाही. समोरचा जीमेलवाला असेल तर मेलला पासवर्ड लावून तो फोनवर सांगायचा. विषयाची ओळ मात्र उघडीच राहते. तिथे ‘गट नंबर अमुक, काकांवर दावा’ असं लिहाल तर झालंच! आपल्या खात्याचा पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरीची सोय आधी केली नसेल, तर जुने मेल गेले म्हणून समजा. शिवाय २०२१ मध्ये स्विस आदेशावरून याच कंपनीने एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिला होता. मजकूर नव्हे, पण पत्ता दिलाच. तरी कागदपत्रांसाठी मला हेच बरं वाटतं. कॅफेवाल्यांनी निदान स्कॅन केलेली प्रत गिऱ्हाइकासमोर डिलीट करावी, एवढं तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी बजावावं.

— एक बागायतदार, देवगड (जि. सिंधुदुर्ग)