सूचना : रविवारी बी विंगची लिफ्ट बंद

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी २ लिफ्ट बंद राहील. तिसऱ्या मजल्यावर ती चार बोटं खाली थांबते, दारही अडकतं. मेकॅनिक ब्रेक आणि दाराचं लॉक तपासेल.

दोर तुटून लिफ्ट कोसळेल ही भीती काढून टाका. दोर अनेक असतात. वेग वाढलाच तर सेफ्टी ब्रेक लिफ्टला रुळांवर जखडतो. खरा धोका दार उचकटून उडी मारण्यात आहे.

- लाइट जाऊन अडकलात तर अलार्म दाबा, आतच थांबा. जळगावच्या उन्हात घामाघूम व्हाल, पण हवा येत राहते.
- आग लागल्यास जिनाच वापरा.

रविवारी कुणा आजी-आजोबांना दवाखान्यात न्यायचं असल्यास शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, खुर्ची आणि दोन माणसं तयार ठेवू.

– सेक्रेटरी